रिकामी टाकी

आज मी आपणांशीं ज्या विषयावर चार शब्द बोलणार आहे, तो ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हंसूं येईल. काव्य, संगीत, इतिहास यांपैकीं तो कांहींच नव्हे. एका जुन्या मोटारीची पाठीमागची पेट्रोलची टाकी काढून तिच्या जागीं नवी बसविली, एवढाच तो विषय आहे. हें काम मिस्त्रीचें. त्यावर भाषण करण्यासारखें तें काय, अशी शंका प्रथम मलाहि आली होती. परंतु या कामानें मला जो धडा दिला तो मोटार बाळगणाऱ्यापुरताच नाहीं. ज्याच्या अंगणांत एखादा रिकामा तेलाचा डबा किंवा पिंप पडलेलें आहे, त्या प्रत्येकास तो उपयोगी पडेल अशी माझी खात्री आहे.

मी राहणारा श्रीरामपूरचा. एके काळीं बेलापूर रोड या नांवानें ओळखलें जाणारें हें ठिकाण रेल्वे, कालवा आणि ऊंस या तिहींच्या आधारानें वाढलें. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेचे पाट वाहूं लागले, हरिगांवास बेलापूर कंपनीचा साखर-कारखाना चालला आणि माळरानाचा मुलूख हिरवा झाला. पण पाणी आलें त्याबरोबर चिखलहि आला. आमच्याकडील काळी माती उन्हाळ्यांत हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यांत चाकाला अशी बिलगते कीं बैलगाडीचाहि जीव घाबरा व्हावा. अशा भागांत चारी चाकांना जोर असलेली गाडी ही चैनीची वस्तु नव्हे. रात्रीं-अपरात्रीं वस्तीवरचा आजारी माणूस गांवांत आणावयाचा असेल, तर तिच्यावांचून गत्यंतर नसतें.

अशा गाड्यांची आपल्याकडील परंपरा जीपपासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धांत गाजलेल्या विलीस जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालींच असे. पेट्रोल भरावयाचें म्हणजे त्याला आसनावरून उठावें लागे. १९४७ सालापासून महिंद्र कंपनीनें ती जीप मुंबईंत जोडण्यास आरंभ केला आणि खेड्यापाड्यांतून जीप हा शब्द रूढ झाला. पुढें १९८५ सालीं मारुतीची जिप्सी आली. हिची चाळीस लिटरची टाकी आसनाखालीं नसून पाठीमागें, तळाच्या पत्र्याखालीं आहे. चालकाच्या बुडाखालचें पेट्रोल गेलें हें बरेंच झालें. पण जी वस्तु डोळ्यांआड गेली तिची काळजीहि मनाआड जाते, हा मनुष्यस्वभाव आहे. २०१९ सालीं या गाडीची सर्वसाधारण विक्री बंद झाली. तथापि जुन्या जिप्सी आमच्या भागांत अद्याप पुष्कळ आहेत. त्यांपैकींच एक, कार्ब्युरेटरच्या काळांतील, माझ्याकडे आहे.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस घरांत पेट्रोलचा वास येऊं लागला. प्रथम तो आईच्या ध्यानांत आला. संध्याकाळीं देवापुढें दिवा लावतांना ती म्हणाली, "अरे, अंगणांत कसला वास येतो तो पाहा बरें." मीं नेहमींप्रमाणें "गाडीचाच असेल" असें म्हणून तिकडे दुर्लक्ष केलें. दुसऱ्या दिवशीं गाडीखालच्या फरशीवर एक ओला डाग दिसला. खालीं वांकून पाहिलें, तों टाकीच्या एका कडेनें थेंब जमत होता, आणि पुरेसा मोठा झाला कीं मुकाट्यानें गळत होता. देवघराचा उंबरा तेथून जेमतेम आठ हातांवर होता.

टाकी गंजली कशी, याचें कारण नंतर ती खालीं उतरविल्यावर समजलें. टाकीला दगड लागूं नये म्हणून तिच्याखालीं एक जाड पत्रा असतो. या पत्र्याच्या आणि टाकीच्या मधल्या जागेंत वर्षानुवर्षें चिखल, उंसाचें पाचट आणि बारीक खडे जाऊन बसले होते. काळी माती एकदां भिजली कीं दिवसचे दिवस वाळत नाहीं. म्हणजे ज्या पत्र्यानें रक्षण करावयाचें त्यानेंच टाकीभोंवतीं ओल्या मातीचा लेप धरून ठेवला होता. बाहेरून हा प्रकार, आणि आंतून दुसरा. हल्लींच्या पेट्रोलमध्यें उंसाच्या मळीपासून व धान्यापासून केलेला मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, मिसळलेला असतो. ही कल्पना नवी नाहीं. तशा मिश्रणासाठीं १९४८ सालींच आपल्याकडे कायदा झाला होता. २०२३ च्या फेब्रुवारींत वीस टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि २०२५ सालीं देशभर तेंच प्रमाण गांठलें गेलें. आमच्या उंसाला त्यामुळें नवें गिऱ्हाईक मिळालें, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मद्यार्क पाणी शोषून घेतो, आणि तें प्रमाणाबाहेर झालें म्हणजे पाणी व मद्यार्क पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशीं बसतात. जुनी गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवली, तर तळाच्या पत्र्याला आणि जुन्या रबरी नळ्यांना तें बाधतें. माझी गाडी अशीच उभी होती.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, करावयाचें काय? गांवांत सर्वांचा सल्ला एकच पडला : टाकी काढा, पाण्यानें धुवा, दोन दिवस उन्हांत वाळवा आणि भोंकावर वेल्डिंगचा डाग मारून घ्या. नव्या टाकीच्या मानानें खर्च अगदीं क्षुल्लक. मलाहि तें पटलें होतें. त्या बेतानें मी आमच्या ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि सदऱ्याची बाही वर केली. कोंपरापासून मनगटापर्यंत कातडी सुरकुतलेली, गुळगुळीत, रंग उडालेली अशी होती. ते म्हणाले, "भाऊ, मी उमेदवारी करीत होतों तेव्हांची ही खूण. तीन वेळां धुतलेली टाकी होती. दोन दिवस उन्हांत ठेवली होती. वस्तादांनीं ज्योत लावली आणि टाकीची एक बाजू उडाली. माझा हात भाजला. वस्तादांचा एक डोळा गेला. टाकी भरलेली असती तर मी इतका भ्यालों नसतों. रिकामी आहे, म्हणून भितों."

श्रोतेहो, हें वाक्य मला प्रथम उलटें वाटलें. गडावरचें पाण्याचें टांकें रिकामें झालें म्हणजे गड गेला, आणि भरलेलें असलें म्हणजे निश्चिंती, हा आपला परंपरेचा अनुभव. इंग्रजींतील टँक हा शब्दहि आपल्याकडील टांकें या शब्दावरूनच गेला असावा, असें कित्येक कोशकार मानतात. पण पाण्याचा न्याय पेट्रोलला लागत नाहीं. याचें कारण समजून घेण्यासारखें आहे.

पेट्रोल हा द्रव पदार्थ स्वतः जळत नाहीं. जळते ती त्याची वाफ, आणि तीहि हवेंत ठराविक प्रमाणांत मिसळली असेल तरच. शंभर भागांत सुमारें दीड ते साडेसात भाग वाफ आणि बाकी हवा असेल, तर तें मिश्रण एका ठिणगीनें भडकतें. वाफ याहून कमी असेल तर जळण पुरत नाहीं, याहून अधिक असेल तर हवा पुरत नाहीं. पेट्रोल असलेल्या टाकींतील मोकळ्या जागेंत, आपल्याकडच्या उष्णमानांत, वाफ बहुधा या मर्यादेच्या पुष्कळ वर असते. पण तीच टाकी ओतून रिकामी केली, तिचें तोंड उघडें टाकलें, म्हणजे आंत हवा शिरते, वाफ विरळ होत जाते आणि नेमकी त्या घातक मर्यादेंत येऊन थांबते. आपण समजतों कीं टाकी निर्धोक झाली. वस्तुतः ती त्याच क्षणीं सज्ज झालेली असते. चाळीस लिटरच्या टाकींत असें मिश्रण होण्यास किती पेट्रोल लागतें, याचा हिशेब मीं करून पाहिला. चहाचा एक लहान चमचा भरून लागत नाहीं! आणि एवढें पेट्रोल टाकीच्या दुमडलेल्या सांध्यांत, आंतील आडव्या पडद्यांच्या खांचांत आणि गंजाच्या पापुद्र्याखालीं सहज दडून राहतें. पाण्यानें धुतल्यानें तें निघत नाहीं. मात्र वेल्डिंगची आंच लागतांच तें बाहेर येतें. कारखान्यांतून हें काम करतांना टाकींत निष्क्रिय वायु भरतात आणि आंतील हवा यंत्रानें तपासतात. रस्त्याकडेच्या दुकानांत त्यांपैकीं कांहीं नसतें. म्हणून टाकी झाळावयाची नाहीं, नवीच बसवावयाची, असें आम्हीं ठरविलें.

नवी टाकी आली तेव्हां ती जुनीशेजारीं ठेवून ताडून पाहिली. बोल्टांचीं भोंकें, भरण्याच्या नळीचें तोंड, पेट्रोल जाण्याची, परत येण्याची आणि वाफेची अशा तिन्ही नळ्यांच्या जागा आणि मापकाचें भोंक हीं सर्व जुळतात कीं नाहीं, हें गाडी उचलण्यापूर्वींच पाहावें. आंत विजेरीचा प्रकाश टाकला तों लोखंडाचा बारीक कीस चमकला. तो झाडून, पुसून काढला. मग सर्व तोंडें बुचांनीं बंद करून, एका नळींतून तोंडानेंच थोडी हवा फुंकून, सांध्यांवर साबणाचें पाणी लावलें. बुडबुडा आला नाहीं. येथें हवेचें यंत्र वापरूं नये. त्याच्या दाबानें टाकीचे पत्रे फुगतात.

काम करण्यास आम्हीं मोकळें अंगण निवडलें. गॅरेजांतील खड्ड्यावर गाडी घेतली असती तर खालून काम करणें सोपें गेलें असतें. पण पेट्रोलची वाफ हवेच्या तीनचार पट जड असते. ती खड्ड्यांत उतरते आणि तेथें पाण्यासारखी सांचून राहते. प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडली. घरांतील शेगडी आणि देवघरांतील दिवा बंद ठेवला. जवळ भुकटीचें अग्निशामक आणि वाळूच्या दोन बादल्या ठेवल्या. पाणी पेट्रोलच्या आगीवर घालूं नये, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतें आणि आग पसरते. पुढच्या चाकांना लांकडी पाचरी लावून मागची बाजू जॅकनें उचलली आणि सांगाड्याखालीं लोखंडी घोड्या दिल्या. विटांचा आधार देण्याची आपल्याकडे संवय आहे, ती सोडावी. वीट भार सहन करतां करतां अचानक फुटते.

टाकींतील पेट्रोल हातपंपानें लोखंडी डब्यांत काढलें. तोंडानें नळी ओढण्याची रीत फार वाईट आहे. पेट्रोल छातींत गेलें तर तें प्राणावर बेततें. मग भरण्याच्या नळीच्या पट्ट्या सैल केल्या, तिन्ही बारीक नळ्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले आणि मापकाची तार सुटी केली. टाकीचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. मीं सुचविलें कीं, कापण्याचें यंत्र आणूं. मिस्त्रींनीं माझ्याकडे नुसतें पाहिलें. मग आदल्या रात्रीं तेल सोडून ठेवलेले बोल्ट पान्यानें थोडे पुढें, थोडे मागें असे फिरवीत सोडविले. एक ऐकेना, तो हातकरवतीनें, तेलाचे थेंब सोडीत, सावकाश कापला. त्या एका बोल्टाला पाऊण तास लागला. दोघांनीं मिळून टाकी खालीं घेतली. कारण तळाशीं राहिलेलें दोनतीन लिटर पेट्रोलहि एका बाजूस धांवलें कीं एकट्याच्या हातून टाकी निसटते.

संरक्षक पत्रा धुऊन, गंज खरवडून, त्याला रंग दिला आणि सांचलेलें पाणी निघून जावें म्हणून भोंकें मोकळीं केलीं. टाकी व गाडीचा पत्रा यांमध्यें नव्या रबराच्या गाद्या ठेवल्या, म्हणजे पत्र्यावर पत्रा घासत नाहीं. सर्व रबरी नळ्या मद्यार्क सहन करणाऱ्या जातीच्या नव्या घातल्या, पट्ट्याहि नव्या. बोल्ट प्रथम सगळे बोटांनीं लावून, मग समोरासमोरचे आळीपाळीनें आंवळले. एकच बाजू आधीं आंवळली तर दुसरीकडचीं भोंकें जुळत नाहींत.

यानंतर आमच्या दोन चुका उघडकीस आल्या, त्या सांगितल्याच पाहिजेत. पहिली अशी कीं, पेट्रोल भरलें तरी मापकाचा कांटा हलेना. नवा रंग आणि नवीं रबरें यांमुळें टाकीचा गाडीच्या पत्र्याशीं विजेचा संबंधच तुटला होता. एका बोल्टाखालचा रंग खरवडून तेथून सांगाड्यापर्यंत तार जोडली, तेव्हां कांटा जागा झाला. दुसरी चूक अधिक त्रासाची. प्रथम पांच लिटर भरून अर्धा तास पाहिलें, मग टाकी गळ्यापर्यंत भरून पुन्हां पाहिलें, कारण वरच्या सांध्याची गळती अर्ध्या टाकींत दिसत नाहीं. सर्व कोरडें होतें. मोठ्या आनंदानें मी नेवाशाच्या रस्त्यानें निघालों. कांहीं मैलांवर इंजिन गुदमरलें आणि बंद पडलें. थोडें थांबलें कीं चालू होई, पुन्हां बंद पडे. अखेर टाकीचें झाकण उघडलें, तों आंत हवा ओढल्याचा सूं असा आवाज झाला आणि गाडी सुरळीत चालूं लागली. वाफेची बारीक नळी टाकी व पत्रा यांच्यामध्यें चेपली होती, आणि झाकणांतील झडप धुळीनें बसली होती. पेट्रोल बाहेर जाईल तितकी हवा आंत आली पाहिजे, हें न झाल्यामुळें टाकी आपलें पेट्रोल सोडीना.

आतां या भाषणाचा खरा विषय सांगतों. नवी टाकी बसली त्या संध्याकाळीं शेजारच्या वस्तीवरील एका शेतकरी बंधूंनीं विचारलें, "ही जुनी टाकी तुमच्या काय कामाची? मधोमध कापली कीं वासरांना पाणी पाजायला दोन कुंडें होतील." मी नव्या टाकीच्या आनंदांत होतों. "न्या कीं!" असें म्हणून गेलों. ज्या मनुष्यानें दोन दिवस ठिणगीला भीत काम केलें, तोच मी हें बोललों. टाकी माझ्या गाडीखालून निघाली, त्याबरोबर तिचें भयहि माझ्या मनांतून निघून गेलें होतें.

रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तें एकदम ध्यानांत आलें. फोन केला तो लागला नाहीं. पहांटेच उठून वस्तीवर गेलों. टाकी अंगणांत उन्हाच्या बाजूस, तोंड उघडें टाकून, वाळत ठेवलेली होती. त्यांचा सोळासतरा वर्षांचा मुलगा विजेची तार ओढून कापण्याच्या यंत्राला जोडीत होता. मीं लांबूनच हांक मारली. त्यानें हंसून मला सांगितलें, "काका, भिऊं नका, रिकामी आहे."

मीं ती टाकी तेथेंच पाण्यानें कांठोकांठ भरली आणि मगच त्या मुलाजवळ बसून मिस्त्रींच्या हाताची गोष्ट त्याला सांगितली. पुढें भंगारवाल्याकडे ती देतांना, ती न कापतां दाबयंत्रानें चेपली जाते याची खात्री करून घेतली, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलें : 'पेट्रोलची टाकी. कापूं नये, झाळूं नये.' आंतलें पाणी पाटांत किंवा विहिरीजवळ न ओततां वेगळें काढून ठेवलें.

श्रोतेहो, आपल्या खेड्यांतून रिकाम्या पिंपाचें कुंड करणें, चूल करणें, कणगी करणें हा नित्याचा व्यवहार आहे, आणि काटकसरीची ती बुद्धि निंद्य नाहीं. माझें मागणें एवढेंच कीं, ज्या भांड्यांत पेट्रोल, डिझेल, रंग किंवा रंग पातळ करण्याचें द्रव्य कधीं काळीं होतें, त्याला करवत-यंत्र किंवा ज्योत लावूं नये, आणि कोणास लावूं देऊं नये. आणि ज्यांच्याकडे पाठीमागें टाकी असलेली जुनी गाडी आहे, त्यांनीं पावसाळा सरला कीं संरक्षक पत्र्यामागची माती पाण्याच्या धारेनें धुऊन काढावी. चार बादल्या पाण्याचें तें काम आहे. तें मीं वेळींच केलें असतें, तर आज आपणांपुढें हें भाषण करण्याचा प्रसंग आला नसता.